शंभर घोडे कुठे गेले

रामकृष्ण धुरी हा माणूस भानुदास रामटेकेला कितीसा ठाऊक होता, असं कुणी विचारलं तर उत्तर चार ओळींत आटपेल. गाव कुडाळच्या पलीकडे कुठेतरी; नाव ठाऊक नाही. बायकोचं नाव कलावती, पण तेही अनुसयेकडून कळलेलं, म्हणजे भानुदासच्या स्वतःच्या बायकोकडून. मुलं किती, त्यातलं कुणी मार्गाला लागलं का, रामकृष्णाला रात्री झोप लागायची का, एकटा असताना तो काय करायचा, यातलं काहीही भानुदासला सांगता आलं नसतं. आणि तरी ओमानातल्या निझव्याच्या सनाय्यात, गराजांच्या आणि स्पेअर पार्टच्या दुकानांच्या त्या धुळकट वसाहतीत, दोघांनी भिंतीला भिंत लावून केस पांढरे केले होते. अलीकडे पार्टचं दुकान, पलीकडे गराज. दोन्हींचा अर्बाब, म्हणजे मालक, एकच, हमूद. अलीकडे भानुदास, पलीकडे रामकृष्ण.

भानुदासने या माणसाकडे पाहिलं नाही असं नाही. उलट फार पाहिलं. पण हेव्याने पाहिलं, आणि तसं पाहताना समोरच्याला काय मिळालंय तेवढंच दिसतं.

मिळालं होतं ते असं. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की पहिलंच गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून विचारायचं, "वेन रामा?" रामा कुठाय? पार्ट हवा असायचा भानुदासकडचा, पण सलाम रामासाठी राखून ठेवलेला. भानुदास बोटाने भिंत दाखवायचा. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून हसण्याचा फवारा उडायचा. विनोद काय झाला ते कळायचं नाही, कारण रामकृष्णाची अरबी भलतीच मोकाट. व्याकरणाचा पत्ता नाही, बाईला पुरुष आणि पुरुषाला बाई करून टाकायचा, पण डोंगरातून आलेला म्हातारा ओमानी त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहायचा. भानुदासची अरबी काउंटरपुरती. आकडे, पार्टांची नावं आणि खोक्यांवर छापलेले शब्द. आवाजही असा की गिऱ्हाईक दोनदा विचारायचं, "काय?"

हे सनाय्यापुरतं असतं तर सोसलं असतं. घरीही तेच. रामकृष्ण अधूनमधून जेवायला यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "वैनीनू, इलंय हां! कायतरी झणझणीत आसात तर ऱ्हवतंय, नायतर हयसूनच परत!" आणि भानुदासच्या विनोदावर नुसतं 'हं' म्हणणारी अनुसया तोंडावर हात धरून हसायची. तिच्या भंडाऱ्याकडच्या रश्श्याने रामकृष्णाच्या डोळ्यांतून पाणी यायचं, नाक गळायचं, पण ताट पुसून खायचा. "वैनीनू, ह्यां जेवाण नाय, ह्यां डिझेल!" त्यावर ती आणखी वाढायची. भानुदासला पुढच्या भाकरीसाठी ताट वाजवावं लागायचं.

मुलगी प्रणाली इथेच वाढलेली. शाळेत सगळं इंग्रजी. बापाशी मराठी बोलताना अंधारात जिना उतरल्यासारखी एकेक शब्द चाचपत यायची. भानुदासने तिला शेजारी बसवून बाराखडी गिरवून घेतली, गोष्टी वाचून दाखवल्या. त्यातलं काय राहिलं कोण जाणे. पण रामकृष्ण दिसला की पोरगी खणखणीत विचारायची, "खंय चललास, रामकाका?" ते एक वाक्य त्याने तिला गाडीच्या बॉनेटवर बसवून शिकवलं होतं, आणि तेच नेमकं टिकलं. आता ती मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमधल्या एका शाळेत शिकवते. फोन केला की "बाबा, तुम्ही कसे आहात"च्या पाठोपाठ "रामकाका कसे आहेत" असतंच. कधीकधी रामकाका आधी.

"तुमचं काय दुखून राहिलं?" अनुसया विचारायची.

"काही नाही."

"मग तोंड काऊन असं?"

"तोंड असंच आहे."

एक गोष्ट मात्र भानुदासकडे होती जी रामकृष्णाकडे नव्हती. जुन्या अमेरिकी ट्रकांच्या इंजिनांचे घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, त्याला पाठ होते. कुठल्या साली कुठलं इंजिन, किती क्यूबिक इंच, कार्ब्युरेटर दोन नळ्यांचा की चार, आणि त्याचे घोडे किती. नागपूरला डिप्लोमा करत असताना रस्त्यावर रद्दीत एक अमेरिकी कॅटलॉग मिळाला, तेव्हापासूनचं हे वेड. ते ट्रक भारतात कधी दिसले नाहीत. ओमानात आल्यावर दिसले, खजुराच्या बागांमध्ये गंजत उभे असलेले. ओळखीचं कुणी भेटावं तसा तो त्यांच्याभोवती फिरायचा. अनुसया म्हणायची, "पोरीचा वाढदिवस विसरता, अन् हे बरे ध्यानात राहतात."

रामकृष्णाला मात्र आकड्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. हात चांगला होता, कान चांगला होता, पण आकडा विचारला की तोंडाला येईल तो. दुरुस्त होऊन निघालेल्या प्रत्येक इंजिनावर थाप मारून तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "खम्समिया हिसान!" पाचशे घोडे. ओमानी लोक हॉर्सपॉवरला हिसान म्हणतात, म्हणजे घोडाच. चार सिलिंडरच्या पिकअपलाही पाचशे आणि पाण्याच्या टँकरलाही पाचशे. गिऱ्हाईक हसत हसत गाडी घेऊन जायचं. भिंतीअलीकडे भानुदासच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. निदान या एका बाबतीत हा माणूस आपल्या पासंगाला पुरत नाही, असं तो स्वतःला बजावायचा. पण बजावून उपयोग काय? आकडे त्याला विचारायला कोण येत होतं?

मग एका हिवाळ्याच्या तोंडाला हमूद आला.

हमूदच्या बापाचा एक शेव्हरले ट्रक होता, फिका निळा, एकोणसत्तरचं मॉडेल. पुढे कधीतरी दुबईहून वापरलेला आणलेला. डांबरी रस्ता व्हायच्या आधी म्हातारा त्यातून निझव्याचा खजूर मत्रहच्या बंदरावर न्यायचा. म्हातारा गेला, ट्रक बागेत फलजच्या कडेला उभा राहिला, पाण्याच्या पाटाशेजारी, आणि खजुराच्या झावळ्यांनी झाकला गेला. आता नोव्हेंबरात नॅशनल डेला किल्ल्यासमोर जुन्या गाड्या मांडायच्या ठरल्या होत्या. प्रत्येक गाडीपुढे पाटी: मालकाचं नाव, साल, आणि इंजिनाचे घोडे. हमूदला ट्रक उठवायचा होता.

त्याने भानुदास आणि रामकृष्ण दोघांनाही काउंटरपाशी उभं केलं. हमूदचं हिंदी मोडकं, पण लख्ख.

"मेरा बाप बोलता था, दो सौ पचपन घोड़ा. अभी खल्फान बोलता है, झूट."

खल्फान म्हणजे त्याचा चुलतभाऊ. त्याच्याकडे तसाच ट्रक होता, त्र्याहत्तरचा. तेच साडेतीनशे क्यूबिक इंचाचं आठ सिलिंडरचं इंजिन, तोच चार नळ्यांचा कार्ब्युरेटर. आणि खल्फानच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, एकशे पंचावन्न. खल्फान गावभर सांगत सुटला होता की काकाने बढाई मारायला शंभर घोडे पदरचे घातले. मेलेल्या बापाला कुणी खोटारडं म्हणावं, हे हमूदला झोंबलं होतं.

"मेरा बाप का घोड़ा जो वापस लाएगा," हमूद म्हणाला, "वो उस दिन गाड़ी में मेरे साथ बैठेगा."

ट्रकच्या सीटची स्प्रिंग एका बाजूने बसली होती. चालवणाऱ्याच्या शेजारी एकच माणूस धड बसू शकत होता.

हे वाक्य दोघांनी दोन तऱ्हांनी ऐकलं. रामकृष्णाने ऐकलं की इंजिन सुरू करायचं. भानुदासने ऐकलं की दोनशे पंचावन्न खरे करून दाखवायचे. आणि ते त्याला येत होतं. अख्ख्या निझव्यात, त्याच्या अंदाजाने, त्याला एकट्यालाच येत होतं. इतक्या वर्षांत अर्बाबने त्याला पार्ट विचारले होते, चाव्या मागितल्या होत्या, पण शेजारी बस असं कधी म्हटलं नव्हतं. आता त्या बसलेल्या स्प्रिंगच्या सीटवर आपण बसलोय, किल्ल्यासमोरून ट्रक चाललाय, सनाय्यातले सगळे बघतायत, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि ते काही केल्या जाईना.

गोष्ट तशी साधी होती. जुन्या काळी अमेरिकेत इंजिन गाडीतून वेगळं, स्टँडवर बसवून मोजायचे. त्याला पंखा नाही, अल्टरनेटरचं ओझं नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. उघडंबोडकं. आकडा साहजिकच मोठा यायचा. बहात्तरच्या सुमारास पद्धत बदलली. इंजिन गाडीत जसं असतं तसं, सगळा संसार अंगावर लादून मोजायला लागले. इंजिन तेच, आकडा खाली आला. पहिला आकडा ग्रॉस, दुसरा नेट. थोडा फरक कॉम्प्रेशन कमी केल्यामुळेही पडला होता, पण मोठी घट मोजण्यातली. म्हणजे म्हातारा खरा होता आणि खल्फानचं पुस्तकही खरं होतं.

पुढचे काही आठवडे पलीकडून ठोकाठोक ऐकू येत राहिली. कार्ब्युरेटरचं किट कुठे मिळेना, ते भानुदासने शारजाहून मागवलं. गॅस्केट त्यानेच शोधलं. रामकृष्ण पार्ट न्यायला यायचा, हात कोपरापर्यंत काळे.

"रामटेकेसायबानू, तुमचो चेरो असो कित्याक? ट्रक माझो, कंबर माझी मोडतहा, आणि कण्हतास तुमी!"

एक दिवस भानुदासला राहवलं नाही. आकड्याचा सगळा उलगडा त्याने रामकृष्णाला सांगितला. का सांगितला, हे त्याला स्वतःलाही धड कळलं नाही. बहुधा, कुणालातरी आपण हुशार वाटावं म्हणून. रामकृष्ण चहा तसाच हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे तेच घोडे? एकव पळाक नाय?"

"एकही नाही."

"आवशीक!" रामकृष्णाने मांडीवर थाप मारली, चहा सांडला. "मगे ह्यां अर्बाबाक सांगा! चला आज मजलिसीत. तुमीच सांगा."

संध्याकाळी हमूदच्या मजलिसीत गालिच्यावर सगळे भिंतीला टेकून बसले होते. मध्ये खजुरांचं ताट, हलवा, आणि कावा, बिनदुधाची कॉफी, फिरतोय. खल्फानही होता, दाढीतल्या दाढीत हसत. भानुदास दाराजवळ बसला, पाय अंगाखाली घेऊन. रामकृष्ण सरळ हमूदच्या शेजारी जाऊन ऐसपैस.

हमूदने विचारलं, "बानुदास, तुम को मालूम?"

सगळ्या माना वळल्या. हेच तर हवं होतं. रस्त्याने येताना त्याने वाक्यं जुळवली होती, हिंदीत, सोपी. तोंड उघडलं तर इंग्रजी बाहेर आलं. "सर, इन नाइन्टीन सेव्हन्टी टू, द मेथड ऑफ..." तेवढ्यात कावा देणारा पुढ्यात वाकला, भानुदासने कप घेतला, खल्फानने अरबीत काहीतरी टोमणा मारला आणि दोघं-तिघं हसले. भानुदासला पुढचं वाक्य आठवेना.

रामकृष्ण उठून उभा राहिला.

त्याने खल्फानला हाताला धरून मध्ये ओढलं. अरबी, हिंदी आणि हातवारे. भानुदासला जेवढं कळलं ते असं: हा खल्फान. याला नुसत्या बनियन-लुंगीवर किल्ल्यापर्यंत पळव. कसा पळेल? रामकृष्ण जागच्या जागी घोड्यासारखा उधळून दाखवू लागला. आता याला पायघोळ डिशदाशा घाल, डोक्याला मुसर बांध, कमरेला खंजर, पाठीवर खजुराचं पोतं, बगलेत बकरी, आणि मागून बायको ओरडतेय की येताना मासे आण. आता पळ! रामकृष्ण लटपटत, धापा टाकत, एका हाताने न दिसणारी बकरी सांभाळत गालिच्यावरून चालला. माणूस तोच, पाय तेच! तुझ्या काकाने बनियनवर मोजलं, तुझ्या पुस्तकाने बकरीसकट मोजलं!

मजलिस फुटली. खल्फान स्वतः डोळे पुसत होता. हमूद उशीवर आडवा झाला. मग रामकृष्णाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, दुसरा हात दाराकडे केला आणि म्हणाला, "रामा इज्माली, बानुदास साफी!"

पुन्हा हशा. सगळे भानुदासकडे बघून हसले, माना डोलावल्या. त्याने कावा पिऊन टाकला. तो केव्हाच थंड झाला होता.

साफी हा शब्द त्याला चांगला ठाऊक होता. खोक्यांवर छापलेला असतो. वर इज्माली, ग्रॉस वजन. त्याखाली साफी, नेट वजन. खोकं, भुसा, पट्ट्या सगळं वजा करून उरतं ते. साफीचा आकडा नेहमीच लहान. म्हणजे रामा मोठा आणि भानुदास वजाबाकीनंतर उरलेला. आपलंच ज्ञान घेऊन, आपल्याच तोंडावर, भर मजलिसीत!

घरी येऊन त्याने अनुसयेला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"त्यानं सांगितलं ते बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं. पण माझं होतं."

"मग तुम्ही काऊन नाही सांगितलं?"

तो हात धुवायला गेला.

नाव मात्र चिकटलं. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं काउंटरवर येऊन म्हणू लागली, "कैफ हालक, साफी?" कसा आहेस, साफी? भानुदास वर न बघता पार्ट काढून द्यायचा. पलीकडून रामकृष्णही ओरडायचा, "ओ साफीनू! थोरला पाना आसा?" त्या ओरडण्यात कुचेष्टा आहे की माया, हे तपासायच्या भानगडीत भानुदास पडला नाही. त्याला कुचेष्टाच ऐकू आली.

पाटी रंगवून आली. हमूदच्या ट्रकपुढे, दोनशे पंचावन्न हिसान, खाली बारीक अक्षरांत इज्माली. खल्फानच्या पुढे एकशे पंचावन्न, साफी. भाऊ भाऊ एक झाले. म्हाताऱ्याचे शंभर घोडे परत आले होते. आणि हमूदने दुकानात येऊन जाहीर केलं की शेजारी रामा बसेल. इंजिन वाटेत अडलं तर हाताशी मिस्त्री हवा, असंही म्हणाला. ते खरंच होतं. भानुदास म्हणाला, "इन्शाल्ला, सर," आणि मागच्या खोलीत जाऊन फिल्टरची खोकी उगाच एका फळीवरून दुसऱ्या फळीवर लावत बसला.

त्या दिवशी किल्ल्याच्या गोल बुरुजाखाली ही गर्दी. झेंडे, ढोल, हलव्याचे ठेले. प्रणाली मस्कतहून आली होती. फिका निळा ट्रक वळणावरून आला, धूर कमी, आवाज भरदार. हमूद चालवत होता, आणि खिडकीतून अर्धा बाहेर रामकृष्ण, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर ओमानी टोपी. भानुदासला ते ऐकू आलं. आठही सिलिंडर एका सुरात चालले होते. हे इंजिन त्याने आयुष्यभर छापील पानावर, नाहीतर गंजत उभंच पाहिलं होतं; इतकं सुरेख चालताना कधी नाही. फक्त पंख्याचा पट्टा किंचित चिरकत होता.

"साफी! ओ साफीनू!" रामकृष्ण दोन्ही हात हलवत ओरडला. "मागे चढा! चढा मागे, जागा आसा!"

"बाबा, तुम्हाला बोलवतायत," प्रणाली म्हणाली.

"ढोलात काही ऐकू येत नाही," भानुदास म्हणाला.

प्रणाली धावत गेली आणि ट्रकच्या मागे चढली. बापाला हात करत ती पुढे गेली, रामकाकाच्या राज्यात.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. रामकृष्ण सुट्टीवर गावी गेला आणि तिकडून त्याची बातमीच आली. परसात माडांना पाणी लावत होता, बसला, तो उठला नाही. कलावतीने फोन केला तो अनुसयेला. बोलता बोलता अनुसया भिंतीला टेकून खाली बसली, तेव्हा भानुदासला कळलं. पहिल्या क्षणी त्याच्या मनात काय आलं, तर फोन आपल्याला का नाही केला.

सनाय्याने शटरं अर्धी ओढली. आणि मग लोक यायला लागले. पाकिस्तानी पेंटर, बांगलादेशी टायरवाले, खल्फान, डोंगरातले म्हातारे, पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर. गराज बंद, म्हणून ते शेजारी यायचे. काउंटरपाशी उभं राहून भानुदासचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, तुझा भाऊ गेला. एक म्हातारा तर भानुदासच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. भानुदास सगळ्यांचे हात धरत होता. आपण गेलो तर यातले किती येतील, हा विचार त्याने दाबला, तरी तो पुनःपुन्हा वर येत होता. मेल्यावरही हा माणूस आपल्या काउंटरवर गर्दी करतोय, असंही वाटलं. वाटलं ते वाटलं.

शेवटी हमूद आला. कधी नव्हे ते काउंटरच्या आत येऊन स्टुलावर बसला.

"रामा बहुत झूट बोलता था," मग म्हणाला, आणि हसला. "पाँच सौ घोड़ा!"

"हां, सर."

"वो खुद बोला था मेरे को. अर्बाब, रामा इज्माली. रामा का बात में से आधा निकालो, फिर लो. बानुदास साफी. उस का बात में से कुछ मत निकालो."

भानुदासला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने हमूदला विचारलं, साफी म्हणजे नेट ना? खोक्यावरचं? कमी?

हमूदला प्रश्नच कळेना. मग कळल्यावर त्याने दाराबाहेर बोट दाखवलं, बागांच्या दिशेने. सकाळी फलजचं पाणी बघितलंस? तळाचा खडा दिसतो? ते साफी. खोक्यावरही तेच लिहितात, कारण आत दुसरं काही मिसळलेलं नसतं. कमीचा काय संबंध?

भानुदासने काउंटरवरची धूळ हाताने पुसली. तिथे धूळ नव्हती.

शुक्रवारी हमूद ट्रक बाहेर काढणार होता, बर्कत अल-मौझपर्यंत. इंजिन उभं राहून आखडतं. "तुम चलो," तो म्हणाला. "मेरे साथ."

तर अशी ती सीट मिळाली. स्प्रिंग खरंच बसलेली होती, उजवीकडे कलंडायला होत होतं. डोंगराच्या पायथ्याने, केळीच्या आणि खजुराच्या बागांच्या कडेने ट्रक चालला होता. नवा पट्टा आता चिरकत नव्हता. भानुदासने आयुष्यात इतकं काही मनापासून मागितलं असेल-नसेल. आणि हमूद वाटभर बोलत होता ते रामाबद्दल. रामाने एकदा शेळी कशी परत केली, रामाने खल्फानच्या आईला अरबीत 'माझ्या लेकी' कसं म्हटलं, बकरी बगलेत धरून तो कसा पळाला. प्रत्येक गोष्टीला हमूद स्टिअरिंगवर हात आपटत होता. भानुदास खिडकीबाहेर बघत 'हां सर, हां सर' म्हणत राहिला. काही केल्या ती सीट त्याची होईना. रामकृष्णाने ती बसून बसून आपल्याजोगी करून ठेवली होती.

एका चढावर हमूदने विचारलं, अभी कितना घोड़ा होगा? भानुदासने क्षणभर विचार केला. जुनं इंजिन, झिजलेल्या रिंगा, पंखा, फिल्टर, दोन म्हातारे. एकशे तीस, तो म्हणाला, जास्त नाही. हमूदने त्यातून काही वजा केलं नाही.

तो पट्टा रामकृष्णच घेऊन गेला होता, गावी निघायच्या आदल्या दिवशी. बसवूनही गेला होता. भानुदासला ती दुपार आठवते, कारण त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं. रामकृष्ण दार ढकलून आत आला, नवा शर्ट, हात मात्र काळेच.

"पट्टो होयो, साफीनू."

"कसला?"

"म्हाताऱ्याच्या पंख्याचो. कुंय कुंय करता."

भानुदासने फळीवरून पट्टा काढला. "दोन घेऊन ठेवता?"

"एकच द्या. दुसरो मी इल्यावर बघुया." त्याने पट्टा मनगटात बांगडीसारखा अडकवला. "वैनींक सांगा, येताना सोलां हाडतंय. गेल्या टायमाक इसारलंय, तर माका जेवाक वाढताना बघी होती कशी!"

"सांगतो."

"जातंय मगे."

"एसी लावलाय. दार ओढून घ्या."

"ओढलंय."